वाकडा भांग, शिफॉन आणि मोत्यांची माळ : १९३०च्या दशकातल्या बोलपट-नायिकेचा साज आज कसा करायचा

आमच्या मंडळाने मध्यंतरी ‘जुने बोलपट’ असा कार्यक्रम ठरवला, तेव्हा मी कपाटातली सगळ्यात भारी वस्तू बाहेर काढली: आजेसासूबाईंची लाल पैठणी, हिरवेगार काठ. आरशात झकास दिसत होते. मग कुणीतरी हौसेने सगळ्यांचे फोटो कृष्णधवल केले, आणि माझ्या पैठणीचं लाल अंग व हिरवे काठ एकाच राखाडीत विरघळून गेले. जणू मी घोंगडी पांघरून उभी होते. माझ्या शेजारची जाऊबाई मात्र फिक्या शिफॉनमध्ये, रुंद काळ्या मखमली किनारीसह, थेट पडद्यावरून उतरल्यासारखी. तिचा सगळा साज माझ्या पैठणीच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीतला होता.

त्या फजितीनंतर मी जुने चित्रपट वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्या काळची नायिका दोन यंत्रांसाठी सजायची. एक होता कॅमेरा, ज्याला रंग दिसत नव्हते, फक्त उजेड आणि सावली दिसत होती. दुसरा मायक्रोफोन, फारच तिखट कानाचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोघांना खूश ठेवण्याच्या आहेत. नाटक, फोटोशूट, लग्नाआधीचं ‘रेट्रो’ प्रकरण, स्नेहसंमेलन, कशासाठीही करा.

आधी यंत्रांची ओळख

आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. नायिका झुबेदा. त्याची प्रत आज उपलब्ध नाही, उरलेत ते काही फोटो. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आल्या. चांगल्या घरातली, शिकलेली बाई पडद्यावर, ही त्या वेळी केवढी खळबळ होती!

पण सजण्याचे नियम त्याआधीच, हॉलिवूडमध्ये, बदलू लागले होते. मूकपटांच्या काळात जी फिल्म सर्रास वापरत, तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ काळेकुट्ट यायचे, निळं आकाश पांढरंफटक. प्रकाशासाठी कार्बनचे आर्क दिवे असत आणि ते गुणगुणत, फुसफुसत. मूकपटात कोण ऐकतंय? मायक्रोफोन आला आणि तो आवाज नडू लागला. मग तारेचे, म्हणजे टंगस्टनचे मोठे दिवे आले. ते शांत होते, पण त्यांचा उजेड पिवळट-लालसर, आणि जुन्या फिल्मला नेमका तोच दिसेना. त्यामुळे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली, आणि तिच्यासाठी १९२८ मध्ये मॅक्स फॅक्टर या हॉलिवूडच्या प्रसाधनकाराने वेगळा मेकअप तयार केला. आवाज आला म्हणून दिवे बदलले, दिवे बदलले म्हणून फिल्म, आणि फिल्मपायी बायकांच्या गालावरचा रंग. मला ही साखळी फार आवडते.

पायरी १ : कोणती नायिका व्हायचंय ते ठरवा

सगळं थोडं थोडं घेतलं की गॅदरिंग होतं. तेव्हा एकच वाट धरा.

पौराणिक-ऐतिहासिक वाट म्हणजे मुकुट, कंचुकी, बाजूबंद. दिसायला भव्य, पण घरच्या घरी केली तर पुठ्ठ्याचा वास येतो. स्टंटपटाची वाट म्हणजे १९३५च्या ‘हंटरवाली’तली नादिया: डोळ्यांवर मुखवटा, उंच बूट, हातात चाबूक. ती मजेदार आहे, आणि ज्यांना साडीचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल तीच करावी. ‘अमरज्योती’त (१९३६) दुर्गाबाईंनी समुद्री चाच्यांची राणी केली होती, तोही पर्याय दमदार.

मी इथे तिसरी वाट सांगणार आहे, सामाजिक बोलपटातल्या ‘सुधारलेल्या’ तरुणीची. तिच्या आईची पिढी नऊवारी नेसणारी, आणि ही गोल नेसणारी, म्हणजे कासोटा न घालता पाचवारी नेसणारी. तेवढ्या एका फरकावरून घराघरांत रुसवेफुगवे झालेले आहेत. गोल पातळ (म्हणजे साडी), झंपर (तेव्हाचा ब्लाउज), वाकडा भांग, मनगटाला घड्याळ आणि हातात पर्स: ही पाच लक्षणं जमली की प्रेक्षक तिला ओळखतात.

पोहण्याच्या पोशाखाची पायरी या लेखात नाही. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकरांनी ती केली, लोकांनी नाकं मुरडली आणि तिकीटही काढलं. हौशी कार्यक्रमात ते धाडस ज्याचं त्याने करावं.

पायरी २ : साडी निवडा, पण फोनच्या डोळ्यांनी

फोनचा कॅमेरा ‘मोनो’ किंवा कृष्णधवलवर ठेवा. घरातल्या सगळ्या साड्या खिडकीजवळच्या उजेडात एकेक करून त्यातून बघा. दहा मिनिटांचं काम, पण सगळा लेख या दहा मिनिटांवर उभा आहे.

तुम्हाला दिसेल की लाल-हिरवा, जांभळा-निळा, केशरी-गुलाबी असे आपल्याला उठावदार वाटणारे जोड एकमेकांत मिसळून जातात. रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा सारखा असतो. टिकून राहतो तो गडद आणि फिक्याचा फरक: मोतिया साडीला काळी किनार, गडद वाइन रंगावर चंदेरी जर, काळ्यावर पांढरी बुट्टी. दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे चमक. साटीन, रेशीम, जॉर्जेटवरचं जरीकाम यांवर दिव्याचा उजेड पडला की घडीघडीला तो हलतो. जाड सुती साडी सुंदर असते, पण या खेळात मठ्ठ दिसते.

सोनेरी जर मात्र फसवते. डोळ्यांना सोनं, फोटोत मधली राखाडी. हातात दोन्ही असतील तर चंदेरी घ्या.

शिफॉन सगळ्यात बरं, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. बडोद्याच्या गायकवाडांची लेक इंदिराराजे लग्नानंतर कूचबिहारची महाराणी झाली. विलायती शिफॉनची साडी आपल्याकडे रूढ करण्याचं श्रेय तिला दिलं जातं. पावलोपावली तरंगणारं ते कापड राजघराण्यांतून श्रीमंत घरांत आणि तिथून पडद्यावर आलं. आज अस्सल रेशमी शिफॉन महाग आहे. साध्या शिफॉनवर काम भागतं, फक्त त्यावर छापील फुलांचा दंगा नको. एकरंगी घ्या.

निवडलेली साडी हातात धरून कानाजवळ झटका. सळसळ मोठी असेल, तर मंचावर माइक लावल्यावर ती संवादाच्या वरचढ होईल. हॉलिवूडमध्ये सुरुवातीच्या बोलपटांत कडक टॅफेटाचे झगे याच कारणासाठी बाद झाले. आपल्याकडे नव्या कोऱ्या, खळ घातलेल्या ऑर्गंझाची तीच गत होते.

पायरी ३ : किनार लावा

त्या काळची शिफॉनची साडी बहुतेक वेळा नुसती नसायची, तिला वेगळी किनार शिवलेली असायची. मखमलीची, जरीची किंवा पारशी पद्धतीच्या भरतकामाची. किनारीने दोन कामं होतात: फोटोत अंगाची रेघ स्पष्ट होते, आणि हलक्या कापडाला वजन येऊन ते खाली नीट लोंबतं.

हिशेब सोपा. साडी ५.५ मीटर, दोन्ही कडा मिळून ११ मीटर, पदराची रुंदी सव्वा मीटरच्या आत. म्हणजे १२ मीटरच्या थोडं वर. १३ मीटर आणा, कारण कोपऱ्यांना दुमडण्यात जातं आणि पुन्हा दुकानात गेलात तर तीच किनार मिळेलच असं नाही. रुंदी दीड ते अडीच इंच. त्याहून रुंद केली तर शिफॉन तिच्या वजनाने ओढलं जातं.

मखमली किंवा सुती किनार आधी पाण्यात भिजवून, वाळवून घ्या. मी ही पायरी एकदा गाळली. पहिल्या धुण्यात किनार आकसली आणि साडीला अशी झालर पडली की तिचे शेवटी उशीचे अभ्रे झाले. जरीची किनार भिजवायची नाही, उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवायची. शिवताना मशीन नको, बारीक सुईने सैल धावदोरा घाला. मशीनची शिवण शिफॉनला चुरगाळते, आणि धावदोरा नंतर उसवून किनार दुसऱ्या साडीलाही लावता येते.

पायरी ४ : झंपर शिवून घ्या

साडी बरोबर असून साज फसतो तो बहुधा इथे. आजचा ब्लाउज, म्हणजे आखूड, घट्ट, मागे खोल गळा आणि दोरीला लटकन, त्या काळात शोभणार नाही. झंपर सैलसर असायचा, पोट झाकणारा, पुढून मऊ चुण्यांचा.

शिंप्याला नुसतं ‘जुन्या पद्धतीचं’ सांगू नका, तो सत्तरच्या दशकातलं शिवून देईल. असं सांगा: उंची १७-१८ इंच. कप नको, प्रिन्सेस कट नको, छातीला आकार चुण्यांनी द्या. गळा पुढून गोल किंवा लहान ‘व्ही’, मागून उंच. बाही कोपराच्या वर, ७-८ इंच, आणि फुग्याची. फुगा येण्यासाठी बाहीचा वरचा गोल नेहमीपेक्षा चार-पाच इंच रुंद कापायचा आणि ते जास्तीचं कापड खांद्यावर चुण्या घालून बसवायचं. मऊ कापड असेल तर आतून कडक नेटची पट्टी लावायची, नाहीतर फुगा दुपारपर्यंत बसतो. बंद करायला हूक नाहीतर टिच बटणं. चेन लावू नका.

फुग्याच्या बाह्या काही आपल्याकडेच नव्हत्या. १९३२ मध्ये एका हॉलिवूडपटात जोन क्रॉफर्डने घातलेल्या पांढऱ्या झालरदार बाह्यांच्या झग्याच्या नकला अमेरिकेतल्या दुकानांत लागल्या होत्या. एड्रियन नावाच्या वेशभूषाकाराने तिचे रुंद खांदे लपवण्याऐवजी ते आणखी रुंद दाखवले. आपल्याला ही युक्ती उपयोगी आहे: खांद्यावर फुगा आला की कंबर आपोआप बारीक दिसते.

कापड साटीन किंवा पातळ मखमल, साडीच्या उलट छटेचं. फिकी साडी, गडद झंपर. हेही फोनमधूनच तपासा.

पायरी ५ : नेसणं

शिफॉनखाली साटीनचा परकर घातलात तर साडी दर पाच मिनिटांनी घसरेल. सुती परकर, साडीच्याच छटेचा, घेराला बेताचा. नाडी बेंबीवर, म्हणजे हल्लीपेक्षा दोन बोटं वर. तेव्हा साडी उंच नेसत आणि झंपर खाली उतरत असे, त्यामुळे मधे पोट उघडं राहत नसे.

निऱ्या पाचच घाला, रुंद. बारीक दहा-बारा निऱ्या इस्त्री करून बसवायची आजची पद्धत हवाई सुंदरीला शोभते. पदर मोकळा, डाव्या खांद्यावरून गुडघ्यापर्यंत सोडलेला, त्याचं टोक मागून आणून उजव्या हातावर. खांद्यावर सेफ्टी पिन आतून, आणि वरून एक ब्रोच. ब्रोच नुसता शोभेचा नाही. शिफॉनचा पदर एकाच बारीक पिनेवर पेलला तर कापड फाटतं. ब्रोचच्या मागे झंपराच्या आतून एक छोटा कापडी तुकडा धरा आणि सगळं त्यातून टोचा.

कापडाचं ऐकायचं असेल तर आता चालून बघा. पावलाबरोबर पदर मागे राहतो आणि मग येतो. तो उशीर म्हणजेच ग्लॅमर.

पायरी ६ : केस

इथे थांबा, कारण खरा वेळ इथेच जातो. निदान तीन तास, आणि बरं म्हणजे आदल्या रात्री.

भांग. मध्ये नाही, बाजूला. आज कुणाला त्यात काही वाटणार नाही, पण तेव्हा ‘वाकडा भांग’ हे दोन शब्द मुलीच्या चारित्र्याबद्दलचं मत असायचं. म्हणून तो ठळक पाडा, भुवईच्या टोकाच्या रेषेत.

लाटा. पाण्याच्या लाटांसारखे केस बसवण्याच्या या पद्धतीत तापलेला चिमटा लागत नाही, बोटं आणि कंगवा पुरतात. चिकटण्यासाठी जवसाचं जेल घरीच करा: २ मोठे चमचे जवस, २ कप पाणी, मंद आचेवर ८-१० मिनिटं ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार दिसू लागली की उतरवा आणि गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून गाळा. गार झाल्यावर ते गाळलंच जात नाही, हे मी ओट्यावर सांडून शिकले. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

केस धुऊन, अर्धवट ओले असताना भांगापासून कानापर्यंतच्या भागाला जेल चोपडा. आता डाव्या हाताची तर्जनी भांगापासून दोन बोटं अंतरावर केसांवर आडवी दाबा. तिच्याखालचे केस कंगव्याने पुढे, चेहऱ्याकडे, ढकला. तिथे एक उंचवटा येईल. तो तर्जनी आणि मधल्या बोटात चिमटीत धरा आणि लांब क्लिपने पकडा. मग बोट त्याच्याखाली सरकवून पुढचे केस उलट्या दिशेला, मागे, ढकला. पुन्हा उंचवटा, पुन्हा क्लिप. पुढे, मागे, पुढे. कानापर्यंत अशा तीन लाटा पुरे. आपल्या लांब, जाड केसांत चौथी टिकत नाही, आणि टिकवायच्या नादात पहिल्या तीन मोडतात.

वर केसांची जाळी किंवा पातळ रुमाल बांधून झोपा. सकाळी पूर्ण वाळले आहेत याची खात्री झाल्याशिवाय क्लिपा काढू नका. आतून जराशी ओल असली तरी लाट तासाभरात सपाट होते. क्लिपा काढल्यावर कंगवा लावायचा नाही. मागचे केस मानेवर, अगदी खाली, सैल अंबाड्यात घाला आणि आकडे आतून खोचा. अंबाडा डोक्यावर चढला की काळच बदलतो.

गजरा मोगऱ्याचा किंवा जाईचा, पांढरा. काळ्या केसांवर तो दिव्यासारखा उजळतो. अबोली कितीही आवडत असली तरी कृष्णधवलमध्ये तिची राख होते.

पायरी ७ : चेहरा

तेव्हाच्या घरात सौंदर्यप्रसाधनं म्हणजे स्नो-पावडर. मुंबईत पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेला अफगाण स्नो कितीतरी आज्यांच्या आरशापुढे असायचा. पडद्यावरच्या बाईचा चेहरा मात्र याहून बराच आखीवरेखीव होता, आणि तो हळूहळू जाहिरातींतूनही घरात शिरला. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. लक्सच्या जाहिरातीत दिसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका.

आपण करताना: फाउंडेशन आपल्याच छटेचं, चमक नसलेलं, वर पावडर. गोरं करायच्या फंदात पडू नका. कृष्णधवलमध्ये चेहरा उजळ दिसतो तो दिव्याने, रंगाने नाही, आणि मान वेगळी पडली की सगळं हसू होतं. भुवया बारीक, लांब, कमानदार. पण त्यासाठी खऱ्या भुवया कोरू नका, काही जणींच्या पुन्हा येत नाहीत. भुवईचा खालचा काठ कन्सीलरने झाका आणि वरून पेन्सिलने बाहेरच्या टोकाला अर्धा सेंटीमीटर वाढवा. पापण्यांवर तपकिरी किंवा करडी सावली, चकमक नको. पापण्यांचे केस मात्र भरपूर काळे, विशेषतः बाहेरच्या कोपऱ्यात.

ओठ मरून किंवा गडद विटकरी. मूकपटातल्या इवल्याशा बदामी ओठांचे दिवस सरले होते. बोलपटात तोंड हलणार, लोक ते बघणार, म्हणून ओठ पूर्ण रुंदीचे रंगवत.

कुंकू. चिकटणारी मखमली टिकली घालवते सगळं. आधी बोटाने मेणाचा छोटा गोल, त्यावर पिंजर, म्हणजे कुंकवाची कोरडी पूड, जास्तीची फुंकरीने उडवायची. लालभडक कुंकू कृष्णधवलमध्ये गडद ठिपका होतो आणि कपाळाला केंद्र देतो. ‘कुंकू’त (१९३७) शांता आपटे आरशापुढे उभ्या असतात त्या प्रसंगात सगळी नजर त्या ठिपक्यावर खिळते, ती उगाच नाही.

पायरी ८ : दागिने, कान देऊन

एक बांगडी-परीक्षा घ्या. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करत, सगळे दागिने घालून, दोन वाक्यं हातवारे करत बोला. मग ऐका. बारा काचेच्या बांगड्या तुमच्या दोन वाक्यांपैकी एक तरी खाऊन टाकतील.

बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत हा त्रास रोजचाच असणार. तेव्हा मायक्रोफोन चहूबाजूंनी ऐकायचा, आवाज नंतर वेगळा करून साफ करायची सोय नव्हती, आणि गाणीसुद्धा तिथेच, कॅमेऱ्यासमोर गायची. वाजवणारे साथीदार झाडामागे नाहीतर पडद्याआड लपलेले. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून आलं. तोवर नायिकेच्या गळ्याबरोबर तिच्या मनगटाचाही सूर फिल्मवर उतरत होता.

म्हणून हातात थोडंच आणि जाड: एका हातात घट्ट बसणारे दोन गोठ किंवा तोडे, दुसऱ्यात पातळ पट्ट्याचं घड्याळ. काचेच्या बांगड्या हव्याच असतील तर दोन-दोन, मागून पारदर्शक दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. पायात पैंजण नकोत.

गळ्यात मोती. सोनं राखाडी होतं हे आपण पाहिलंच, मोती मात्र उजेड पकडून परत देतो. शिवाय तो त्या काळाचा अगदी खरा दागिना आहे. मुंबई आखाती मोत्यांची मोठी पेठ होती, आणि त्याच सुमाराला जपानी लागवडीचे मोती बाजारात येऊन जुना व्यापार कोसळत होता. ज्यांना मोत्यांकडे लांबूनच बघावं लागायचं, त्यांच्याही गळ्यात हळूहळू माळ दिसू लागली. एक लांब पदर किंवा दोन आखूड, त्याहून जास्त नको. कानात मोत्याच्या कुड्या छान, पण पडद्यावरची तरुणी व्हायचं असेल तर पांढऱ्या खड्यांचे लोंबते डूल. मान वळली की ते हलतात आणि दिवा त्यांत लुकलुकतो. ठुशी, चिंचपेटी, नथ मला प्रिय आहेत, पण त्या नऊवारीच्या नायिकेला ठेवा.

पायरी ९ : चपला, पर्स वगैरे

चपलेची टाच दीड-दोन इंच, जाड, पुढून बंद, वर एक पट्टा. कोल्हापुरीही चालते, फक्त करकरणारी नको. ज्या इंदिराराजेंची गोष्ट वर आली, त्यांनी फ्लोरेन्सच्या साल्वातोरे फेरागामोकडे शंभराहून अधिक जोड बनवायला दिले होते. तोच कारागीर हॉलिवूडच्या तारकांनाही बूट पुरवत होता.

पर्स लहान, हातात धरायची, खटक्याची. खांद्याला लावायचा पट्टा असेल तर आत लपवा. हातरुमाल घ्या, कमरेला खोचा, प्रसंगी डोळ्यांना लावा. छत्री दांडीची, घडीची नाही. झालं.

पायरी १० : उजेड आणि फोटो

एवढं करून ट्यूबलाइटखाली उभं राहिलात तर मेहनत पाण्यात.

एक प्रखर दिवा समोरून, डोक्यापेक्षा हातभर उंच, तोंडाकडे खाली झुकवलेला. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडली की उंची बरोबर. सावली ओठांवर उतरली तर दिवा जास्त वर गेलाय. दुसरा दिवा मागून, खांद्याच्या वर, केसांवर पडेल असा. त्याशिवाय काळे केस काळ्या पार्श्वभूमीत बुडतात आणि तीन तासांच्या लाटा कुणाला दिसतच नाहीत. खोलीतले बाकीचे दिवे बंद.

फोन दोन मीटर लांब ठेवा आणि झूम दुप्पट करा. अगदी तोंडाशी नेलात तर नाक मोठं येतं. तेव्हाचे छायाचित्रकार जवळच्या दृश्यात भिंगावर तलम रेशमी मोजा ताणत, म्हणजे दिव्यांभोवती मंद वलय येई आणि चेहऱ्यावरच्या रेषा निवत. जुन्या, काळ्या, पातळ मोज्याचा तुकडा फोनच्या भिंगावर रबराने बसवा आणि एकदा करून बघा. फोटोच्या अॅपमधला ‘सौंदर्य’ पर्याय त्याच्यापुढे प्लॅस्टिक वाटतो.

हनुवटी किंचित वर, नजर दिव्याकडे नाही, त्याच्या जरा खाली. हसू नका, निदान पहिल्या दहा फोटोंत.

नंतरची आवराआवर

साडीची घडी घालू नका, एकाच घडीवर शिफॉन चिरतं. पुठ्ठ्याच्या नळीवर सुती पंचासकट गुंडाळा. मखमली किनार बाहेरच्या बाजूला, म्हणजे तिची लव दबत नाही. मोत्यांची माळ ओल्या मऊ फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. अत्तर किंवा घाम लागलेला मोती तसाच ठेवला तर हळूहळू पिवळा पडतो. झंपराच्या बाह्यांत जुने मोजे कोंबून टांगा, फुगा पुढच्या वेळेपर्यंत राहतो.

केसांतलं जवसाचं जेल कोरड्या केसांत विंचरून काढायला जाल तर अर्धे केस कंगव्यात येतील. आधी नुसतं कोमट पाणी, मग थोडं खोबरेल, दहा मिनिटं, आणि मग नेहमीची शिकेकाई. पहिल्या पाण्यात केस शेवाळासारखे बुळबुळीत लागतात, घाबरू नका, दुसऱ्या पाण्यात ते जातं. आकडे मोजून ठेवा. माझ्या अंबाड्यातून कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी एक निघाला होता, उशीत.